सहा मात्रांची जागा

गीत आमच्याकडे आलं तेव्हा त्यात बर्फ होता.
कुणी आणला, कोणत्या बोटीतून, ठाऊक नाही.
मराठीत येऊनही तो वितळला नव्हता:
'हिमाहून शुभ्र माझा होवो अंगरखा.'

मिरजेत हिम कुणी पाहिलेलं नाही.
एका एप्रिलात गारा पडल्या होत्या,
तासगावकडच्या बागा झोडपून गेल्या.
पांढऱ्या होत्या खऱ्या,
पण त्यांचं गाणं कोण करील?

माझं झेरॉक्सचं दुकान इस्पितळासमोर.
दिवसभर रिपोर्ट, आधारकार्ड, डिस्चार्जचे कागद,
आणि शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून
रविवारच्या उपासनेची गीतं.
पाळक म्हणाले, सोपं करा जरा,
पोरांना कळू दे काय गातोय ते.

मग बसलो आम्ही तिघं, मशीन गार होईपर्यंत.
शांतवन रणभिसे काउंटरवर बोटं आपटत म्हणाले,
हि-मा-हू-न. सहा मात्रा.
सहातच बसवायचं, नाहीतर पेटी अडखळते.
साखरेहून? आठ. शिवाय सांगलीवाले हसतील.
कापसाहून? तेही आठच.
दुधाहून? सहा!
पण आमच्या गल्लीतलं दूध
कुणीही शपथेवर पांढरं म्हणणार नाही.

एस्तेरमावशी आवळे गप्प होत्या.
चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेली बाई.
मग म्हणाल्या, पांढरं मला विचारा.
रक्ताचा डाग आधी गार पाण्यात घालायचा,
ऊन पाण्यात घातलात की बसला कायमचा.
मग सोडा, मग उकळी, मग गच्चीवरचं ऊन.
आणि तुम्ही दर रविवारी गाता, रक्तानं धुतलं म्हणून!
हसल्या. मग बराच वेळ
स्टेपलरशी चाळा करत राहिल्या.
खरं असेल तेही, म्हणाल्या,
मी आपली कपड्यांचं सांगते.

शेवटी 'मिठाहून' ठरलं.
सहा मात्रा, आणि घरोघरी असलेलं.
सत्तर प्रती काढल्या. शाई जरा फिकी आली.

रविवारी तिसऱ्या कडव्याशी मंडळी दुभंगली.
मागच्या बाकांवर म्हातारे हिमातच उभे,
पुढे पोरं मिठात,
आणि मधल्या बाकावर योनाकाका भोरे,
ज्यांना ऐकू येत नाही,
ते अजून दुसऱ्या कडव्यात.
'होवो अंगरखा'ला सगळे पुन्हा एकत्र आले,
घाटातून आलेल्या गाड्या
नाक्यावर भेटाव्यात तसे.

एक प्रत कुणाच्या तरी बायबलात जतला गेली,
लग्नाला. दोन महिन्यांनी
व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तिचा:
'मिठाहून'वर पेन्सिलीची काट, वर लिहिलेलं 'चुन्याहून'.
खाली निरोप, आमचं देऊळ नाताळाआधी
आम्हीच चुन्यानं रंगवतो, म्हणून हा बदल.
परवानगी असावी.

परवानगी!
मी कोण, दीड रुपयात एक पान देणारा.
शांतवन मात्रा मोजत राहिले,
चुन्या-हू-न... अर्धी कुठेतरी वर जाते,
पण जतवाल्यांचा श्वास मोठा आहे, खपेल.

तेव्हापासून मी त्या जागी रेघ छापतो.
कोरी, सहा मात्रांच्या लांबीची.
ज्याचं पांढरं त्यानं भरावं.

पहिल्याच रविवारी पाळकांना वाटलं,
मशीननं शब्द खाल्ला.
उभ्या उभ्या खिशातलं पेन काढून
त्यांनी आपल्या प्रतीवर नीट लिहिलं, 'हिमाहून',
आणि मला खूण केली, उद्या मशीन दाखवून घ्या.
एस्तेरमावशींनी रेघेवर काहीच गायलं नाही.
कागदाची चौघडी घातली,
कडेला कड जुळवून, चादरीसारखी,
आणि पुढच्या ओळीला आवाज लावला.